कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे : सीमाभागातील कामकरी माणसाची कंबरदुखी

निपाणीचे नाव निघाले की प्रथम तंबाखू आठवतो. या शहरातील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरोघरी सोप्यात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांवर येथील अर्थकारणाचा मोठा भाग अनेक दशके उभा राहिला. तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथेच पुणे-बंगळूर महामार्ग रोखला होता. पुढच्याच वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या गटाने माहितीपट तयार केला. मजुरी, कामाचे तास आणि माणुसकीची वागणूक हे प्रश्न त्या काळात ऐरणीवर आले. मात्र कामावरून उठताना कमरेवर हात ठेवून निघणारा सुस्कारा हा जणू वयाचा आणि नशिबाचा भाग मानला गेला.

हे केवळ विडी कामगारांपुरते खरे नाही. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागांतील विणकर, उद्यमबागेतील फाउंड्रीत साचे उचलणारे कामगार, ऊसतोडीच्या हंगामात दिवसभर वाकून कोयता चालवणारे मजूर आणि भाजीपाल्याची गाडी घेऊन चोर्ला घाटातून रात्रीच गोव्याकडे निघणारे चालक, या सर्वांच्या कामांत फारसे साम्य नाही. तरीही या सर्वांची तक्रार एकच असते : कंबर धरते. गोव्याच्या बाजारात पहाटे पोहोचणाऱ्या भाजीच्या प्रत्येक पोत्यामागे कोणाची तरी कंबर वाकलेली असते. त्यामुळे हा विषय घाटाच्या वरचा आहे तितकाच घाटाखालचाही आहे.

आजार किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2020 साली जगभरात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. 2050 पर्यंत ही संख्या सुमारे 84 कोटी 30 लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. जगात माणसाला अपंगत्वाकडे नेणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. जीव घेणारा हा आजार नाही. पण तो कमाई घेतो, झोप घेतो आणि हळूहळू माणसाचा स्वतःच्या शरीरावरील विश्वासही घेतो.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. अशा रुग्णांपैकी सुमारे 90 टक्क्यांमध्ये दुखण्याचे एकच एक नेमके कारण, म्हणजे मोडलेले हाड, गाठ, जंतुसंसर्ग किंवा दबलेली नस, सापडत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधील चकत्या, झोप, काळजी आणि कामाचा ताण अशा अनेक गोष्टी एकमेकांत गुंतून ते निर्माण होते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एमआरआयच्या अहवालाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. ‘चकती सरकली’, ‘मणक्यात झीज’ हे शब्द कागदावर वाचले की अनेकांचा धीर सुटतो. परंतु कंबर मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा विशीतील 37 टक्के निरोगी लोकांच्या चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण 96 टक्क्यांवर गेले. केस पांढरे होणे जसे, तशीच ही झीज. ती दिसते म्हणून तीच दुखण्याचे कारण आहे, असे ठरत नाही.

विश्रांतीचा सल्ला का मागे पडला?

एके काळी कंबरदुखीवर अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. आज तो दिला जात नाही, कारण पडून राहिल्याने दुखणे लांबते असे दिसून आले आहे. यामागील कार्यकारणभाव समजून घेण्यासारखा आहे.

मणक्यांमधील चकतीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. शरीर हलते, चकतीवर दाब येतो व जातो, आणि स्पंज दाबून सोडावा त्याप्रमाणे ही देवघेव चालते. हालचाल थांबली की ती मंदावते. दुसरीकडे, पाठीच्या कण्याला लागून असलेले खोलवरचे लहान स्नायू वापराविना दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंवर तेच जुने ओझे पडले की ते लवकर थकतात आणि आवळून धरतात. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि त्यामुळे पुन्हा दुखते. या चक्रात भीतीही सामील होते. ‘वाकलो तर काहीतरी तुटेल’ या धास्तीने मज्जासंस्था इतकी सावध होते की साध्या हालचालीचाही अर्थ ती वेदना असा लावू लागते. जुनाट दुखण्यात वेदना ही नेहमीच इजेची खूण नसते; पुष्कळदा ती अतिसावध झालेल्या पहारेकऱ्याची हाक असते.

म्हणूनच डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी प्रथमच प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांना महत्त्वाचे स्थान दिले. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढ देणे यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, तसेच अफूजन्य वेदनाशामके देऊ नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. सीमाभागातील कोणत्याही औषध दुकानात पट्टा सहज मिळतो. व्यायाम मात्र विकत मिळत नाही. म्हणूनच कदाचित त्याची शिफारस कमी होते.

कडक फळीवर झोपण्याचा सल्लाही असाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. स्पेनमध्ये 313 रुग्णांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अतिकडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाली एखादी जाड वाकळ वाढवण्यास हरकत नाही.

‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’

कामकरी माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. दिवसभर साचे उचलणाऱ्याला किंवा शंभर वेळा वाकणाऱ्या ऊसतोड मजुराला व्यायाम करा म्हणून सांगणे वरकरणी क्रूर वाटते. पण कष्ट आणि व्यायाम यांत मूलभूत फरक आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत हा विरोधाभास तपशिलाने मांडला आहे.

व्यायामात हालचाल निरनिराळी असते, जोर थोडा वेळ लावला जातो आणि नंतर विसावा मिळतो. किती करायचे आणि कधी थांबायचे, हे करणारा ठरवतो. कामात यातले काहीच नसते. एकच हालचाल तासन्‌तास चालते, ओझे कामाने ठरते, थांबण्याची मुभा मुकादम किंवा उक्ती मजुरी ठरवते. विडी वळणारी स्त्री दिवसभर बोटे चालवते, पण तिची कंबर आणि मांड्या जागच्या हलत नाहीत. ऊसतोड मजूर सतत पुढे वाकतो, पण मागे वाकण्याची हालचाल त्याच्या कामात येतच नाही. म्हणजे एक श्रमाने दुखतो, दुसरी स्थिर बसल्याने दुखते, आणि दोघांनाही नेमकी तीच हालचाल हवी असते जी त्यांच्या कामात नाही.

व्यायामाचे सूत्र येथूनच निघते : कामात जे घडत नाही, ते व्यायामात करावे.

कामानुसार कमरेची गरज

*विडी कामगार, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, कार्यालयीन कर्मचारी.* मांडी घालून पुढे झुकून बसल्यावर कमरेचा नैसर्गिक आतला बाक नाहीसा होतो आणि चकत्यांवर पुढून दाब येतो. यावर पहिला उपाय बैठकीचा. घडी घातलेले पोते किंवा उशी बुडाखाली घ्यावी. गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली आले की पाठ आपोआप सरळ होते. सूप मांडीवर सपाट न ठेवता लहान पाटावर टेकवले तर मान कमी झुकते. दर अर्ध्या तासाने बसण्याची पद्धत बदलावी : कधी एक पाय लांब, कधी भिंतीला पाठ, कधी उकिडवे. ‘योग्य बैठक’ अशी एकच नसते. पुढची बैठक हीच उत्तम बैठक. या वर्गासाठी उभे राहून मागे वाकणे आणि चालणे हे सर्वांत महत्त्वाचे व्यायाम होत.

*विणकर आणि यंत्रावर उभे राहणारे कामगार.* एकाच जागी उभे राहताना एक पाय विटेवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून दर काही मिनिटांनी पाय बदलावा. पुढे ओणवे होऊन धागा जोडताना गुडघे किंचित दुमडावेत. मांडीच्या मागचे आणि पोटरीचे स्नायू ताणणे यांना उपयोगी पडते.

*फाउंड्री, हमाली, ऊसतोड.* येथे प्रश्न ताकदीचा आणि वाकण्याच्या पद्धतीचा आहे. पाठ गोल करून वाकण्याऐवजी खुब्यातून वाकण्याची सवय लागली पाहिजे. ती शिकण्याचा सोपा मार्ग म्हणजे काठी. एक सरळ काठी पाठीवर उभी धरावी, ती डोक्याच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर टेकलेली असावी. आता गुडघे थोडे सैल सोडून बूड मागे नेत पुढे वाकावे. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणे खुब्यातून झाले. एखाद्या ठिकाणी सुटली तर पाठ गोल झाली. रोज दहा वेळा असे केल्यास दोन-तीन आठवड्यांत शरीर ही सवय उचलते. ओझे नेहमी अंगाशी धरावे आणि उचललेले असताना कमरेतून पिळा न देता पाय वळवून दिशा बदलावी.

*चालक.* तासन्‌तास बसणे आणि वाहनाचे हादरे यांनी कमरेचे स्नायू व चकत्या शिणतात. गाडी थांबताच खाली उतरून लगेच पोती उतरवण्यास हात घालणे हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. आधी पाच मिनिटे गाडीभोवती चालावे, चार-पाच वेळा मागे वाकावे आणि मगच ओझ्याला हात लावावा.

सकाळचा पहिला तास

रात्री आडवे झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेल्या चकतीवर पुढे वाकल्याने येणारा ताण इतर वेळेपेक्षा बराच जास्त असतो. सकाळी उठल्यानंतर सुरुवातीच्या वेळेत वाकणे टाळल्यास जुनाट कंबरदुखी कमी होते, असे अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

सीमाभागातील घरांत मात्र स्त्रीचा हाच तास सर्वांत वाकण्याचा असतो : अंगणझाड, सडा, पाणी भरणे, चुलीपुढील काम. ही कामे टाळता येत नाहीत. पण लांब दांड्याचा झाडू वापरणे, घागर एका हाताऐवजी दोन कळश्यांत वाटून नेणे आणि झाडण्याआधी दहा मिनिटे उभ्याने चहा-पाण्याची कामे उरकणे शक्य आहे. योगासने किंवा सूर्यनमस्कार करणाऱ्यांनीही पुढे वाकण्याची आसने उठल्या उठल्या करू नयेत.

बारा आठवड्यांचा क्रम

खालील क्रम सर्वसाधारण जुनाट कंबरदुखीसाठी आहे. साधन म्हणून सतरंजी, काठी आणि पाण्याचा डबा पुरेसा आहे.

*पहिले दोन आठवडे : भीती घालवणे.* दिवसातून दोनदा पाच ते दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. सतरंजीवर पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत आणि कंबर हलकेच जमिनीला टेकवून पुन्हा सैल सोडावी. असे दहा वेळा. नंतर हात-गुडघ्यांवर येऊन मांजराप्रमाणे पाठ वर गोल करावी व खाली सोडावी. सहा ते आठ वेळा, सावकाश. शेवटी पोटावर झोपून कोपरांवर रेलावे आणि अर्धा मिनिट श्वास चालू ठेवावा. पोटावर झोपल्याने पायात कळ उतरू लागल्यास हा शेवटचा प्रकार सोडून द्यावा.

*तिसरा ते सहावा आठवडा : आधार बांधणे.* पाठीवर झोपून गुडघे दुमडलेल्या स्थितीत बूड वर उचलावे, पाच सेकंद थांबून खाली आणावे, दहा वेळा. हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा, पाच ते आठ सेकंद थांबावे, मग बाजू बदलावी. प्रत्येक बाजूस सहा वेळा. कुशीवर कोपर टेकून, गुडघे दुमडून कंबर जमिनीवरून उचलावी. प्रत्येक बाजूस दहा सेकंद, चार वेळा. हे प्रकार कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मणकातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेल्या व्यायामांच्या धर्तीचे आहेत. यांत कण्यावर फारसा भार न टाकता त्याचा आधार बळकट होतो. चालणे या काळात रोज वीस मिनिटांवर न्यावे.

*सातवा ते बारावा आठवडा : कामासाठी ताकद.* खुर्चीवर किंवा उंच पायरीवर बसून हातांचा आधार न घेता उठणे. दहा वेळा, दोन फेऱ्या. काठीने शिकलेले खुब्यातून वाकणे आता पाण्याचा डबा उचलून करावे. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन. दर आठवड्याला लिटर-दोन लिटर वाढवता येते. आठवड्यातून दोन ते तीन दिवस हा व्यायाम आणि पाच दिवस अर्धा तास चालणे, एवढे साधले की क्रम पूर्ण झाला.

व्यायाम करताना थोडे दुखणे अपेक्षित आहे. नियम असा : दुखणे सहन होण्याजोगे असावे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर यावे. तसे आले नाही तर व्यायाम बंद करू नये; फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात. एखाद्या दिवशी कंबर पुन्हा धरली म्हणजे सारे वाया गेले, असे समजू नये. जुनाट दुखणे चढ-उतार करीतच ओसरते.

चालण्याचे माप

ज्यांना महागडा काहीच उपाय शक्य नाही, त्यांच्यासाठी 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातील प्रयोग दिलासा देणारा आहे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 प्रौढांपैकी एका गटाला टप्प्याटप्प्याने चालण्याचा क्रम आणि मार्गदर्शन देण्यात आले. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे उद्दिष्ट होते. या गटात दुखणे उलटण्यास मध्यमानाने 208 दिवस लागले, तर दुसऱ्या गटात 112 दिवस. चालण्याने दुखणे कायमचे गेले नाही. पण दोन दुखण्यांमधील बरा काळ जवळजवळ दुप्पट झाला. रोजंदारीवरील माणसासाठी हे तीन महिने म्हणजे तीन महिन्यांची मजुरी.

तालीम, योग आणि साधा व्यायाम

बेळगाव आणि निपाणी हा कुस्तीशौकिनांचा मुलूख. येथे ‘व्यायाम’ म्हटले की जोर-बैठका आणि तालमीतील लाल माती डोळ्यांसमोर येते. त्यामुळे चाळिशी ओलांडलेली गृहिणी व्यायामाला आपला विषय मानत नाही, आणि पूर्वी तालमीत गेलेला पुरुष एकदम शंभर जोर मारायला जाऊन कंबर धरून बसतो. दोघांनाही मधला मार्ग सांगावा लागतो.

योगाच्या इतिहासातही बेळगावचे एक पान आहे. मूळचे बेल्लूरचे बी. के. एस. आयंगार 1937 साली पुण्यात योगशिक्षक म्हणून आले, त्यामागे बेळगावात सिव्हिल सर्जन राहिलेले डॉ. व्ही. बी. गोखले यांचा पुढाकार होता. दोर, पाट, उशा यांच्या आधाराने आसने करण्याची आयंगारांची पद्धत पुढे जगभर गेली आणि अमेरिकेत जुनाट कंबरदुखीवर तिच्या चाचण्याही झाल्या. योगाचा लाभ होतो, हे अशा चाचण्यांतून पुढे आले आहे. मात्र अमेरिकेतच 228 प्रौढांवर झालेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत योगवर्ग आणि साधे ताणाचे व्यायाम यांचा लाभ जवळजवळ सारखाच दिसला. दोन्ही गट केवळ पुस्तक वाचून स्वतःची काळजी घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

‘कॉक्रेन’ या संस्थेने 2021 साली 249 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात व्यायामाने शंभर गुणांच्या मापावर दुखणे सुमारे पंधरा गुणांनी कमी होते असे आढळले. हा चमत्कार नव्हे. पण साठवर असलेले दुखणे पंचेचाळिसावर आले, तर झोप लागते आणि कामावर जाता येते. सर्वांत चांगला व्यायाम कोणता, या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर एकच : जो सहा महिन्यांनंतरही चालू असेल तो.

डॉक्टरांकडे केव्हा?

काही लक्षणे दिसल्यास व्यायामाच्या नादी न लागता त्वरित रुग्णालय गाठावे. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, लघवी अडकणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरता येणे, पायातील ताकद झपाट्याने कमी होणे ही तातडीची लक्षणे असून त्यांत काही तासांचा उशीरही महाग पडू शकतो. कंबरदुखीसोबत ताप, रात्री घाम, विनाकारण वजन घटणे असल्यास मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो; आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू होणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असणे, उतारवयात हलक्या धक्क्याने कंबर धरणे, या प्रसंगीही तपासणी आवश्यक आहे. गरोदर स्त्रियांनी व्यायामाचा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात आणि केएलई संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात अशा तपासणीची सोय आहे, निपाणीकरांना कोल्हापूर अधिक जवळ पडते, तर गोमंतकीयांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. भौतिकोपचार तज्ज्ञाची एक-दोन वेळची भेट केवळ व्यायाम बरोबर होतो की नाही हे पाहण्यासाठी घेतली तरी पैसे सार्थकी लागतात. याउलट दर पंधरवड्याला ‘कंबरेचे इंजेक्शन’ घेणे किंवा दुकानातून वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणे पोटाला व मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

एका मिनिटाची किंमत

एवढे सांगूनही मुख्य अडचण उरतेच. उक्त्या मजुरीवर काम करणाऱ्याला थांबणे परवडत नाही. हा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. आठ तासांत हजार विड्या वळणारी स्त्री मिनिटाला सुमारे दोन विड्या वळते. दर अर्ध्या तासाला एक मिनिट उठून मागे वाकायचे आणि चार पावले चालायचे ठरवले, तर दिवसाकाठी सोळा मिनिटे जातात, म्हणजे तेहेतीस-चौतीस विड्या. हजारात तेहेतीस हे नुकसान लहान आहे, पण तिच्यासाठी ते खरे आहे. दुसऱ्या पारड्यात मात्र दुखऱ्या कमरेमुळे मंदावलेला हात, घाईत बिघडून ‘छाट’ म्हणून परत आलेल्या विड्या आणि महिन्यातले अंथरुणाला खिळलेले दोन दिवस ठेवावे लागतात. एक दिवस गेला तर हजार विड्या गेल्या. म्हणजे महिनाभरातील एका-एका मिनिटाच्या विसाव्याइतका तोटा एकाच दिवसात झाला.

हा विसावा एकट्या स्त्रीच्या निग्रहावर सोडणेही योग्य नाही. डेन्मार्कमध्ये रुग्णालयांतील 200 महिला कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटे कामाच्या ठिकाणी, एकत्र, कामाच्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांना घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवरून व्यायामाचा कार्यक्रम प्रसारित होतो आणि अनेक कारखान्यांत दिवसाची सुरुवात त्याने होते. उद्यमबागेतील कारखान्यात पाळी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे, साखर कारखान्याच्या टोळीत दुपारच्या भाकरीपूर्वी पाच मिनिटे, विडी कामगारांच्या संघटनेच्या बैठकीत पहिली पाच मिनिटे, यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. निपाणीत एकाच सोप्यात चार-पाच जणी मिळून विड्या वळतात. त्यांतील एकीने अर्ध्या तासाला हाक द्यावी आणि सगळ्यांनी उठावे, एवढे झाले तरी सुरुवात होते. माल पोहोचवायला जाताना रिक्षाऐवजी पायी जाणे हेही त्या दिवसाचे चालणेच.

सीमाभागातील कामकऱ्यांनी मजुरीसाठी आणि भावासाठी रस्त्यावर उतरण्याची परंपरा जुनी आहे. कामाच्या तासांत कमरेसाठी काही मिनिटे मिळावीत, ही मागणी त्याच परंपरेत शोभणारी आहे. ती मान्य होईपर्यंत घरच्या सतरंजीवरील पंधरा मिनिटे आणि रोजचे अर्ध्या तासाचे चालणे प्रत्येकाच्या हाती आहे.